हौद्याच्या काठावरचे बूट

कोडोलीच्या प्रसेनजीतकडे पांढरे शर्ट दोनच होते, पण आमच्या अख्ख्या वर्गाच्या शर्टांना लाज वाटावी इतके पांढरे. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला, २००४ साली, आम्ही दोघं कोल्हापुरात एका खोलीत राहत होतो. मी अंथरुणात लोळत असायचो आणि हा पँटीला इस्त्री करत बसायचा. घडी अशी की बोट कापावं.

"मर्दा, पँटीनं भाजी चिरायची हाय काय?" मी विचारायचो.

"तुझी पँट बघितली की पेशंट स्वतःच तुला खाट देतील," तो म्हणायचा.

हे इस्त्रीचं खूळ त्याच्या वडिलांकडून आलेलं. आकारामतात्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत साच्यांवर काम करायचे. त्यांच्या अंगावर चढलेलं कुठलंही कापड आठवड्यात काळं व्हायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र माणूस बगळ्यासारखा. कॉलेजला पोराला सोडायला आले तेव्हा त्यांनी एकच उपदेश केला होता, "लोक आधी आपलं कापाड बघत्यात, मग त्वांड. कापडात खोट ठिवायची न्हाय."

त्यामुळं आमच्या विजयसिंह सरांचे नियम प्रसेनजीतला जड गेलेच नाहीत. विभागप्रमुख विजयसिंह सरांनी ते स्वतः तयार केले होते. शर्ट खोचलेला, पँट काळी, बूट बंद, ॲप्रनची सगळी बटणं लावलेली, छातीवर नावाची पट्टी. पोस्टिंग हॉस्पिटलात असो की मैदानावर, यात बदल नाही. "पेशंट आधी तुमच्या कपड्यांवर विश्वास ठेवतो, मग तुमच्या हातांवर," असं सर म्हणायचे. आकारामतात्यांचंच वाक्य, फक्त धुऊन वाळवलेलं.

मला हॉस्पिटल मिळालं. प्रसेनजीतला तालीम. पैलवानांचे मुरगळलेले पाय आणि सुजलेले गुडघे बघायला रोज सकाळी एक विद्यार्थी पाठवायचा, असं कॉलेजनं ठरवलं होतं. ते पोस्टिंग पुरं झालं तरच परीक्षेला बसता येणार.

पहिल्या दिवशी हा तांबड्या मातीच्या हौद्याजवळ गेला तोच कृष्णात वस्ताद ओरडले, "ओ पावणं! बूट!"

"काढतो की."

"आणि ह्यो पांढरा डगला?"

"त्यो नियम हाय आमचा, वस्ताद."

"मग नियमाला घिऊन काठावरच हुबं ऱ्हावा."

तालमीची रीत अशी की मातीत उतरायचं तर उघड्या अंगानं. आणि मातीतल्या पैलवानाला हात लावायचा तो मातीत उतरलेल्यानंच. मेहनत अर्धी टाकून पैलवान बाहेर येत नाही, आणि मेहनत संपली की अंघोळ करून दूध प्यायला पळतो. म्हणजे ॲप्रनवाल्याकडं कुणी यायचंच नाही. प्रसेनजीत काठावर नवरदेवाची वाट बघणाऱ्या बँडवाल्यासारखा उभा. कागलकडचा सूरज नावाचा तगडा गडी समोर सुजलेल्या गुडघ्यानं जोर मारतोय, आणि हा नुसता बघतोय.

चार-पाच दिवसांनी तो सरांच्या केबिनमध्ये गेला. मीही बरोबर होतो. सर चहात बिस्कीट बुडवत होते.

"अरे, एवढंच ना? तालमीत तालमीचं पाळ. काढ ॲप्रन, उतर मातीत. कुणी काही विचारलं तर मी आहे."

बिस्कीट तेवढ्यात तुटून चहात पडलं. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बूट काठावर ठेवून प्रसेनजीत हाफ पँटीत मातीत उतरला. घरची धास्ती त्याच्या मनात होती. आपल्याला उतरू देतील का, जात-आडनाव विचारतील का. वस्तादांनी फक्त वरपासून खालपर्यंत बघितलं. "आता माणसात आलास. हितं बूट सोडून दुसरं कायबी इचारत न्हाय आमी."

महिन्याभरात सूरजच्या गुडघ्याची सूज उतरली. पैलवान ह्याला "डाक्टर" म्हणून हाका मारू लागले. खोलीवर यायचा तो कानात माती घेऊन. मी म्हणायचो, "घडी कुठं गेली रं पँटीची?" तो नुसता हसायचा. इतका खूश मी त्याला परत बघितला नाही.

मग एक दिवस कॉलेजचे चेअरमन पाहुण्यांना घेऊन तालीम दाखवायला आले. सोबत विजयसिंह सर. पुढचं मला कृष्णात वस्तादांनी सांगितलं.

"तुमचा विद्यार्थी कुठाय?" चेअरमननी विचारलं.

सूरजच्या पायाशी बसलेला, मातीनं माखलेला प्रसेनजीत उठला, हात जोडले.

"हा? मला वाटलं मालिशवाला."

पाहुणे हसले. प्रसेनजीतनं सरांकडं बघितलं. सर मात्र चेअरमनकडं बघत होते. "किती बजावलंय ह्या मुलांना, साहेब! नियम मीच केलेत."

पोस्टिंग रद्द झालं. पहिल्यापासून करायचं, आणि वर वडिलांना बोलावणं. आकारामतात्या खाडा करून, सुट्टीचा पांढरा शर्ट घालून आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. फौंड्रीत तीस वर्षांत कुठल्या साहेबानं त्यांना समोर बसवलं नव्हतं.

"पोरगा हुशार आहे तात्या, पण उघडा बसतो. पाहुण्यांसमोर."

"सरांनीच सांगितलं हुतं," प्रसेनजीत म्हणाला.

सर हळूच हसले. "नियम मी करणार, आणि मोडायलाही मीच सांगणार?"

"सर, मी होतो तिथं," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात, मी आहे."

तात्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "दोस्त दोस्ताचीच वडणार," एवढंच बोलले आणि सरांपुढं हात जोडले.

फाटकाबाहेर आल्यावर पोराला म्हणाले, "मी जलमभर काळ्या कापडात राबलो, ते तू उघडं बसावं म्हणून व्हय रं? आणि वर सरांवर आळ घेतोस?"

"तात्या, खरं सांगतोय."

"गप."

दुसऱ्या खेपेला प्रसेनजीत नियमाचा पुतळा झाला. बूट, पट्टी, सगळी बटणं. काठावरच थांबायचा. "काय डाक्टर, रुसलास?" वस्ताद विचारायचे. "न्हाय वस्ताद. नियम."

पोस्टिंग संपत आलं तेव्हा चेअरमन परत आले, नवे पाहुणे घेऊन. काय होतंय बघायला मीही गेलो होतो. पाहुण्यांसमोर लढत लावली, आणि सूरज असा आपटला की खांदा निखळला. गडी लहान पोरासारखा ओरडायला लागला.

"बघतोस काय? जा की!" सर दातांतून पुटपुटले.

"बूट हाईत सर. काढा म्हणा. मोठ्यानं म्हणा."

सरांनी चेअरमनकडं बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

सूरज पुन्हा किंचाळला. वस्ताद हात ओढायला वाकले. तेव्हा प्रसेनजीतनं बूट भिरकावले, ॲप्रन, शर्ट उतरवले आणि उडी घेतली. "वस्ताद, वडू नगा! आधी एक्सरे!" ॲप्रनची झोळी करून त्यानं सूरजचा हात छातीशी बांधला. पांढरं कापड बघता बघता तांबडं झालं. सूरजला रिक्षात घातलं, तेव्हा चेअरमननी प्रसेनजीतची पाठ थोपटली, आणि मग मातीचा हात रुमालाला पुसला.

"साहेब, मी मुलांना हेच शिकवतो," सरांचा आवाज आता खणखणीत. "ड्रेस पेशंटसाठी असतो, पेशंट ड्रेससाठी नसतो."

मातीनं माखलेला प्रसेनजीत सरांकडं बघत होता. एका माणसानं दोनदा खोटं बोलावं, आणि दुसऱ्या खोट्यावर आपण पास व्हावं, हे त्याला गिळता येत नव्हतं.

पास मात्र झाला. आमच्या निरोप समारंभात सरांनी स्टेजवरून तो प्रसंग रंगवून सांगितला. "मी त्याला म्हटलं, काढ ॲप्रन!" पुढच्या रांगेत आकारामतात्या टाळ्या वाजवत होते. डोळे भरलेले.

कुणाच्या पायाशी वाकायचं नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. तात्यांनीच लावलेली. त्या दिवशी पोराचा दंड धरून ते त्याला सरांपुढं घेऊन गेले. "वाक."

"न्हाय तात्या."

"वाक म्हणतो न्हवं! ह्यांच्यामुळं झालास."

प्रसेनजीत ताठ उभा राहिला. सर समजूतदारपणे हसले. "असू दे तात्या. आजकालची मुलं."

एसटी स्टँडवर बस लागली. पाय पायरीवर ठेवल्यावर तात्या म्हणाले, "कापाड सुधारलं तुझं, पर उपकाराची जाण न्हाय." आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसले.

बस सुटायला अजून अवकाश होता. मी प्रसेनजीतला ढकललं. "मर्दा, जा की. आतातरी सांग खरं काय झालं ते."

तो जागचा हलला नाही.

"सांगितलं हुतं की," तो म्हणाला. "तू हुतास तवा."