आरक्षणाचे पेढे

"घ्या! जन्मभर आरक्षण आरक्षण करता. आता सरकारनं तुमच्या जमिनीलाही दिलं. तरी रडताय?"

साहेबांनी यादीतलं माझं आडनाव दोनदा वाचलं, मग हे वाक्य टाकलं. नगररचनेचं अख्खं ऑफिस हसलं. टायपिंग करणाऱ्या बाई हसल्या. शिपाई दाराला टेकून हसला. माझ्यामागं नंबर लावून उभी असलेली माणसंही हसली. त्यांच्याही जमिनींवर रेघा पडल्या होत्या, तरी हसली.

आणि मी? मीही हसलो.

नुसता हसलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्माचा रोग. मी वर जोड दिली, "मग साहेब, ह्या आरक्षणाला पण जात पडताळणी करावी लागंल व्हय?"

दुप्पट हशा. साहेबांनी डोळे पुसले. "बसा हो पावणं," म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा मागवला. सरकारी ऑफिसात मला मिळालेला पहिला चहा. चवीनं प्यालो. बाहेर पडलो तेव्हा छाती फुगलेली. वाटलं, साहेबाला खिशात घातला.

हे कसं झालं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

आमची जमीन आठ गुंठे. कोल्हापूरची हद्द संपते आणि गारगोटीचा रस्ता सुरू होतो, त्या बाजूच्या गावात. माझे वडील वारणानगरच्या कामगार वसाहतीत एका खोलीत राहून निवृत्त झाले. खोली दुसऱ्याची. भिंतीला खिळा मारायचा तरी विचारावं लागायचं. निवृत्तीनंतर त्यांनी हे आठ गुंठे घेतले. आमच्या घराण्यात सातबाऱ्यावर नाव चढलेला तो पहिला माणूस. उतारा मिळाला तेव्हा घरी यायच्या आधी ते विहारात गेले आणि तो कागद तिथं ठेवून बसून राहिले. पुढं जमिनीवर पत्र्याची एक खोली घातली, आणि पक्कं घर बांधायचं माझ्यावर सोपवून गेले.

मग गावाचा विकास आराखडा आला. कुठं घरं, कुठं रस्ता, कुठं दवाखाना, हे सरकार ठरवणार. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. मी आयटीआय झालेला वायरमन, वस्तीतला कागद वाचणारा म्हणून माझी शेखी मोठी. यादीवर बोट फिरवत मी आमचा गट नंबर शोधला. त्याच्यापुढं लिहिलेलं: आरक्षण. त्याच्या पुढचं मी वाचलंच नाही.

हसा. पण आमच्या घरात त्या शब्दाला एकच अर्थ होता. माझी आयटीआयची जागा त्यानं मिळाली. बहिणीची नर्सिंगची जागा त्यानं मिळाली. त्याच शब्दावरून आम्ही टोमणेही खाल्ले. म्हणजे आमच्यासाठी राखून ठेवलेलं. मला वाटलं, सरकारनं आमची जमीन आमच्याचसाठी राखली. आता कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही.

मी पेढे वाटले.

आधी वस्तीत, मग गावात. आमच्याशेजारी तात्यांचं मोठं मोकळं रान आहे. तात्या गावातला वजनदार माणूस, पंचायतीत रोजची उठबस. त्यांच्या ओट्यावर गेलो आणि ओरडूनच सांगितलं, "तात्या, आमच्या जिमिनीला आरक्षान पडलं!"

तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. पेढा तोंडात टाकला. "आणखी एक दे की," म्हणाले. "झकास हाय."

त्या माणसाला सगळं माहीत होतं.

मला कळलं बारा दिवसांनी. घराच्या परवानगीचा अर्ज घेऊन ग्रामसेवकांकडं गेलतो. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, आरक्षण म्हणजे मैदान. खेळाचं मैदान. तुमच्या आणि वस्तीतल्या आणखी चार घरांच्या जमिनीवर. तिथं घर होणार नाही. हरकत घ्यायला तीस दिवस असतात, त्यातले बारा तुम्ही पेढे वाटण्यात घालवलेत."

मग हरकतीचा अर्ज लिहिला, आणि तो घेऊन कोल्हापूरला त्या ऑफिसात गेलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. चहापर्यंत.

घरी आलो. बायकोनं, सुजातानं, विचारलं, "अर्ज दिलासा? पोच कुठं हाय?"

मी खिशात हात घातला. अर्ज खिशातच होता.

हसण्याच्या नादात द्यायचाच राहिला. मी तिला साहेबांचं वाक्य सांगितलं, माझं वाक्य सांगितलं, चहाचं सांगितलं. वाटलं, हीही हसेल. ती हसली नाही.

"त्यांनी तुमची जमीन घेटली," ती म्हणाली, "आणि तुमी त्यांची करमणूक करून आलासा व्हय?"

एवढंच बोलली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. मी पत्र्याखाली बसून राहिलो. उकडत होतं. आणि एकेक आठवायला लागलं.

शाळेत स्कॉलरशिपची यादी वाचताना गुरुजी म्हणायचे, "सरकारचे जावई, उठा." मी उठायचो आणि कमरेत वाकून मुजरा करायचो. वर्ग खूश. एका बंगल्यात वायरिंग करत होतो, तिथं माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. मी म्हणायचो, "वैनी, व्हीआयपीचा कप आणा." वहिनी खूश. असं किती वेळा. आपणच आधी हसलं की दुसऱ्याचं हसू लागत नाही, अशी माझी समजूत. लागतं. फक्त रक्त आत सांडतं, फरशी खराब होत नाही. लोक त्यालाच म्हणतात, गडी दिलदार आहे.

दुसऱ्या दिवशी कामाला गेलो नाही. पंचायतीत गेलो आणि आराखडा मागितला. अख्खा. फळ्यावरची एक ओळ नाही. ग्रामसेवकांच्या कपाटात आराखड्याची आधीची कच्ची प्रतही होती. दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी पसरले. नकाशा कसा वाचायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण वायरिंगचं ड्रॉइंग मला येतं. लाइन कुठून आली, कुठं वळली, मधे कुणी फोडली, हे बघण्यात माझी हयात गेली आहे. तास-दीड तासात सापडलं. आधीच्या प्रतीत मैदान तात्यांच्या मोकळ्या रानात होतं. नव्या प्रतीत ते रान पिवळं झालं होतं, म्हणजे घरं बांधायला खुलं. आणि मैदान कुंपण ओलांडून आमच्यात आलं होतं.

ग्रामसेवक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी काही बोललो नाही हं."

नवा अर्ज लिहिला. दोन्ही नकाशांच्या प्रती जोडल्या. कोल्हापूरच्या त्याच ऑफिसात आवक खिडकीवरचा कारकून म्हणाला, "ठेवून जा. पोच मिळत नाही."

"मग उभा हाय मी."

जेवणाची सुट्टी झाली. मी उभा. सुट्टी संपली. मी उभा. चारच्या सुमाराला त्यानं शिक्का असा आपटला की खिडकीची काच हलली. पोच मिळाली.

मग सुनावणी. लांब टेबल, पलीकडं समितीचे तिघं, आणि बाजूला फायली घेऊन तेच साहेब. मला बघून खुलले. "या, या. आरक्षण नको म्हणणारा पहिलाच माणूस बघतोय मी."

समिती हसली. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. खरं सांगतो, फर्मास होतं. खोलीचं छप्पर उडालं असतं. ते मी गिळलं.

"साहेब, तुम्ही आत्ता जे बोललासा, ते माझ्या सुनावणीच्या कागदावर लिहा."

"अहो, गंमत केली."

"मग गंमत केली असं लिहा. खाली सही करा."

मधले अध्यक्ष म्हणाले, "मुद्द्याचं बोला."

"मुद्द्याचंच बोलतोय. गावाला मैदान पायजे, मला मान्य हाय. पण ह्या कागदावर ते मोकळ्या रानात हाय, आणि ह्या कागदावर पाच घरांच्या जिमिनीत. मधे काय झालं?"

"तांत्रिक कारण आहे."

"कुठलं?"

"सांगितलं ना, तांत्रिक."

"वायर जळली तर मी गिऱ्हाइकाला तांत्रिक कारण हाय म्हणत न्हाय, साहेब. कुठं जळली ते बोट ठेवून दाखवतो."

बोट कुणी ठेवलं नाही. "निर्णय कळवण्यात येईल," म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.

तो निर्णय अजून कळलेला नाही. घराला परवानगी नाही. पत्र्याची खोली गळते, ती दुरुस्त करायचं म्हटलं तरी पंचायत म्हणते, जागा आरक्षित आहे. घरफाळा मात्र त्याच खोलीचा, त्याच पंचायतीला, वेळेवर पाहिजे. जमीन माझी आहे की नाही, हे फाळा मागायला येणाऱ्या माणसाला पक्कं माहीत असतं.

गेल्या महिन्यात तात्या घरी आले. पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. जमीन मैदानाला द्यायच्या संमतीपत्राचा छापील कागद पुढं केला. "सही कर लेका. बदल्यात दुसरीकडं बांधायचा हक्क देत्यात. बाकीची चौघं तयार हाईत. तूच एकटा अडून बसलायस."

मी कागद ठेवून घेतला आणि चौघांच्या घरी गेलो. चौघांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. बाकीचे तयार आहेत, तूच एकटा अडून बसलायस. पाच घरं, पाच एकटे.

त्याच संध्याकाळी आम्ही पाचही जण त्या जमिनीवर बसलो. मी सगळ्यांना दोन्ही नकाशे वाचायला शिकवले. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही रंग कळतात.

सरकारला जमीन घ्यायचा अधिकार आहे, हे आता मी वाचलंय. असू दे. त्या अधिकाराला कायद्याच्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर आम्ही पाच जण उभे असणार. नोटीस काढा. कारण लेखी द्या. आमच्या जमिनीची मोजणी आमच्यासमोर करा, आणि शेजारच्या रानाचीही करा. निकाल विरोधात गेला तर वर जाऊ. तिथंही गेला तर त्याच्या वर. घेतलीच तर तुम्ही हिसकावून घेतली असं कागदावर राहील. आम्ही दिली असं राहणार नाही. संमतीच्या खाली सही नाही. एकाचीही नाही.