हातभर खाली

"ढीग ढीगच असते भाऊ, एकदा पहाड पाहून ये," असं म्हणत आमचा एक हमाल कापूस तुडवायला मोठ्या पोत्यात उतरे. अमरावतीच्या त्या अडतीत मी कारकून होतो. अमेरिकेत लढाई चाललेली, त्यामुळे वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलाने विकला जाई आणि माणसं हवेत चालत. जमिनीवर पाय असलेला आमच्यात हा एकच, आणि त्याच्याही डाव्या पायाला तीन बोटं नव्हती.

ती बोटं हिमालयाच्या बर्फात गेली. पूर्वी तो मोजणीच्या साहेबाकडे खलाशी होता. हे खलाशी जहाजावरचे नव्हेत. शिखरावर खांब रोवणारे. साहेब खाली दुर्बिणीपाशी, हा वर. त्या खांबावरून शिखराची उंची मोजली गेली. "माह्याआधी तिथं कोणी चढलंच नोतं," हे तो दिवसातून दोनदा ऐकवी. आम्ही हसायचो, पण पाहुणा आला की त्यालाच पुढे करायचो.

एकदा कळलं, मोजणीचा कुणी साहेब अकोल्यात आलाय. तो पोत्यातून बाहेर आला.

"भाऊ, माह्यासंगं चाल. साहेबाले एक सांगा लागते."

"काय?"

"खांब टोकावर नाई रोवला. हातभर खाली रोवला. टोकावर महादेव, तिथं पाय कसा देऊ? साहेबानं इचारलं, तं टोकावरच हाये म्हणून देलं."

"हातभरानं काय होते, बुवा? आता काहून सांगता?"

"नकाशा खोटा हाये ना, माह्यामुळे."

आम्ही अकोल्याला गेलो. मला कामापुरती इंग्रजी येई. साहेबाने सगळं ऐकून घेतलं. एवढ्याने उंचीत काही बिघडत नाही, म्हणाला. मग हसून म्हणाला, म्हणजे तू शिखर चढलाच नाहीस. ते मी मराठीत सांगायला नको होतं. सांगितलं.

"बरोबर हाये त्याचं," एवढंच तो बोलला.

त्यानंतर पाहुण्यांना तो स्वतःच सांगू लागला, "मी चढलो नाई." पाहुणे उठून जात. इतकी वर्षं थापा मारल्या म्हणून अडतीतले त्याची टर उडवत. मी जवळच बसलेलो असे. एक शब्द बोललो नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या हंगामात तो आला नाही. पातूरकडे आपल्या गावी वारला, असं गाडीवानाने सांगितलं. मग एक जुना व्यापारी आला आणि विचारू लागला, "तो हिमालय चढलेला माणूस कुठे आहे?"

'हो, चढला होता' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने स्वतःच्या तोंडाने टाकून दिलेली गोष्ट मी कशी उचलू?

"चढला नव्हता," मी म्हणालो. "थांबला होता."