नाव घातलेला रिकामा डबा

“काका, अप्पा लिंगैक्य झाले...” लातूरहून अप्पांच्या मुलाचा, शिवराजचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी चहा पीत होतो. महिना होत आला, तरी अप्पा गेले, कशापुढे तरी हरले हे मनाला पटत नाही. हा माणूस हरणाऱ्यातला नव्हताच.

अप्पांचं लातुरात भांड्यांचं दुकान, आणि नाद नामवंत लेखकांची सहीची पत्रं जमवण्याचा. सही मात्र कधी मागायची नाही. घरातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका हळदकुंकू लावून लेखकांना धाडायची. आवतन आलं की माणूस ‘जमत नाही’ म्हणायला तरी लिहितोच, असा त्यांचा होरा. आशीर्वादाची पत्रं येतही. प्रत्येक पत्राला स्टीलचा एक डबा आणि डब्यावर मशिनीनं घातलेलं लेखकाचं नाव. एकच डबा रिकामा होता. कुणालाच उत्तर न देणाऱ्या एका ज्येष्ठ कादंबरीकाराचं नाव अप्पांनी त्यावर आधीच घालून ठेवलं होतं. मी चिडवायचो, “अप्पा, यात आता डाळ भरा.”

“थांबा की सर. त्यो डबा त्येंचाच हाय.”

धाकट्या नातीच्या लग्नात ते कादंबरीकार स्वतःच मांडवात हजर झाले. सगळे पाया पडायला धावले आणि अप्पांचा चेहरा पडला. माणूस आला, म्हणजे पत्र बुडालं! पण पाहुणे जेवून गाडीत बसले, तशी अप्पांनी खिडकी धरली. “पोचल्यावर पत्र टाका बरं. त्याबगर आमच्या घरात कुणाला झोप लागत न्हाई.” आठवड्यात पत्र आलं. ‘सुखरूप पोचलो’, आणि खाली ठसठशीत सही. अप्पांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले. मला फोनवर म्हणाले, “भरला डबा. डाळ तुमच्या घरी भरा.”

अप्पांच्या मातीला गेलो होतो. निघताना शिवराजनं दुकानातल्या फळीवर बोट दाखवलं. शेवटी एक नवा रिकामा डबा, त्यावर माझं नाव. पुरवणीत चार ओळी खरडणारा मी कसला नामवंत... आणि इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी कायम फोनच केला.

“अप्पांनी बजावलं व्हतं,” शिवराज म्हणाला, “काकांना म्हणावं, पोचल्यावर फोन नको. पत्र टाका.”

नांदेडला आल्यावर दुसऱ्या सकाळी पोस्टातून कार्ड आणलं. ‘सुखरूप पोचलो’ लिहिलं, सही केली. हसू आणि रडू एकदमच आलं. पत्त्यावर नाव अप्पांचंच घातलं.