कारखाना वाढवला

आप्पा खोक्यावर उभे राहायचे. अंबडच्या त्यांच्या कारखान्यात द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनत. मालाच्या प्रत्येक खेपेतलं एक रिकामं खोकं काढायचं, चपला बाजूला ठेवायच्या आणि आप्पांनी त्यावर चढायचं. वजन ब्याऐंशी किलो. भिंतीला हात लावायचा नाही, असा त्यांचाच नियम. मनात साठ आकडे मोजून ते उतरत. खोकं दबलं तर सगळा माल बाद.

मी तिथे चौदा वर्षं माल तपासला. दाब मोजायचं यंत्र माझ्या टेबलावर होतं. ते आप्पांनीच घेतलेलं, पण खोक्यावर चढणं त्यांनी सोडलं नाही. "तुझं यंत्र इथंच राहतं, फुटपट्टी," ते म्हणत. "गिऱ्हाइकाच्या दारात मला उभं राहावं लागतं." फुटपट्टी हे माझं कारखान्यातलं नाव. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं होतं, "मग खोकी पास कोण करणार, तुम्ही?"

आप्पा नांदगावहून आले तेव्हा भाड्याची शेड आणि एक जुनं यंत्र, एवढंच होतं. मी लागलो तेव्हा पाच यंत्रं आणि चौसष्ट माणसं होती. एकदा नव्या उद्योजकांच्या मेळाव्यात त्यांना भाषणाला बोलावलं. वीस मिनिटं दिली होती. आप्पा उठले, म्हणाले, "बुधवारी माल देता येत असंल तर गुरुवार सांगा. गुरुवारी येत असंल तर बुधवार सांगू नका. बाकी लय काही नाय." आणि बसले. मी घड्याळ पाहिलं होतं. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

एका पावसाळ्यात चार हजार खोक्यांचा डिंक नीट वाळला नाही. वरून कळत नव्हतं. माझ्या यंत्रावर कळलं. मी सांगितलं तेव्हा गाडी दारात उभी होती. आप्पांनी कटर मागवला आणि स्वतः खोकी कापायला बसले. मी म्हटलं, "आप्पा, बाजूला ठेवू, नंतर बघू." ते म्हणाले, "बाजूला ठेवली की मोह व्हतो. कापली की जेवण जातं." दुपारपर्यंत आम्ही सगळेच कापत होतो.

मग एका हिवाळ्यात त्यांचं वजन आपोआप उतरायला लागलं. ब्याऐंशीचं चौऱ्याहत्तर, मग सदुसष्ट. तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. तरी ते खोक्यावर चढत. एके सकाळी उतरल्यावर मी म्हणालो, "आप्पा, हे माप आता धरता येत नाही. पंधरा किलो कमी पडतात." सगळे कामगार माझ्याकडे बघायला लागले. आप्पांनी पंधरा किलोची डिंक-पावडरीची गोणी उचलून छातीशी धरली आणि पुन्हा चढले. साठ आकडे पूर्ण केले. उतरल्यावर बराच वेळ धापा टाकत बसले. मग म्हणाले, "फुटपट्टी, कारखाना तू बघ."

त्यांची एकुलती मुलगी बंगळुरूला, तिला यात रस नव्हता. मी आठ दिवस मागितले. एका कागदावर दोन रकाने केले. एकीकडे दोन मुलींची शिक्षणं, माझं वय, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मला जमत नाही हे. दुसरीकडे फक्त आप्पा. मी नाही म्हणालो आणि तो कागदही त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. "बरोबर काढलंस," एवढंच म्हणाले. तीन महिन्यांनी मी सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत लागलो.

पुढे दीड वर्षाने काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, फोन केला. त्या म्हणाल्या, "आप्पांनी कारखाना वाढवला रे."

"वा! रविवारी पेढे घेऊन येतो."

काकू एवढंच म्हणाल्या, "ये."

रविवारी अर्धा किलो पेढे घेऊन मी सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो. आप्पा खुर्चीत होते. फार लहान दिसत होते. "कशाचे रे?" त्यांनी विचारलं.

"कारखाना वाढवला ना तुम्ही."

काकू एकदम स्वयंपाकघरात गेल्या. आप्पा माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "अगं ए, ह्याला वाटलं मोठा केला!"

दुकान बंद केलं असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. दिवासुद्धा विझवला म्हणत नाहीत. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी तसं ऐकलं, कारण कारखाना मोठा झाला असता तर माझ्या नकाराने काही बिघडलं नव्हतं. मी पुडा हातात धरून उभाच होतो. लाज वाटायला हवी होती. काहीच वाटत नव्हतं.

"बस," आप्पा म्हणाले. "माणसं सगळी लावून दिली दुसरीकडं. एक नाय राहिला. आण इकडं." त्यांनी अर्धा पेढा मोडून घेतला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. "तू हो म्हणाला असतास ना, तरी वाढवावाच लागला असता. तुझ्या हातानं. बरं झालं."

तेवीस दिवसांनी आप्पा गेले. अमरधाममध्येही मला रडू आलं नाही. घरी येऊन आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

माझ्या हातानंही वाढवावाच लागला असता, असं त्यांनी हिशेबाने म्हटलं की मला बरं वाटावं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चौदा वर्षांत ते माझ्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले असतील, तर माझ्यासाठी बोलले.