खलनायकाला पेणचे डोळे

आधीच सांगते, मध्येच हसायचं नाय. चहा हातात आहे तुमच्या, सांडलात तर मी पुसणार नाय. आणि हे या खोलीबाहेर न्यायचं नाय. अख्ख्या अष्टमी गावाला माहीत आहे म्हणा, पण पेणमध्ये माझी अजून थोडी अब्रू शिल्लक आहे, ती राहू द्या.

तर, आमचा गणपतीचा कारखाना. साचे, घासकाम, रंग हे सगळं बाकीचे बघतात. मी फक्त डोळे आखते. फक्त म्हणजे काय! डोळे चुकले तर बाप्पा नुसता बसलेला दिसतो, आलेला वाटत नाय. माझ्या हातचा बाप्पा असा बघतो, की भांडायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा हात जोडतं. हे मी नाय म्हणत, लोक म्हणतात. बरं, थोडं मीही म्हणते.

माझ्या बहिणीची मुलगी केतकी. गेल्या वर्षी लग्न होऊन अष्टमीला गेली. म्हणजे रोह्यालाच गेली म्हणा, मध्ये काय तो कुंडलिकेचा पूल. नवरा निखिल, कंपनीत शिफ्टला. जावई सोन्यासारखा. पण दोघांना वेड एकच, अ‍ॅनिमे! मी एकदा चुकून "ती जपानी कार्टून" म्हणाले, तर दोघांनी असं बघितलं माझ्याकडे, की जसं काय मी मोदकाला बटाटवडा म्हटलं.

वेड एक, पण भांडण रोज. केतकी म्हणते, गोष्टीत कथानक पाहिजे. पुढे काय होणार, पुढे काय होणार, असा जीव टांगणीला लागला पाहिजे. निखिल म्हणतो, पात्र पाहिजे.

"अगं, ज्याच्यावर आपला जीव जडला नाय, त्याचं पुढे काय का होईना!" तो म्हणायचा. "एक अख्खा भाग दोघं मित्र नुसता भात खात बसलेत. काय म्हणजे काय घडत नाय. तरी मी रडलो."

"तू रडलास. मी पुढे ढकलला."

आणि मग फोन कोणाला? मला! "मावशी, तूच सांग, कोणाचं बरोबर?" मला त्यातलं ओ की ठो कळत नाय. मी तिला म्हणायचे तुझं बरोबर, त्याला म्हणायचे तुमचं बरोबर. संसार टिकला पाहिजे ना!

आता अष्टमीच्या त्यांच्या आळीत गणपतीचं मंडळ आहे. अध्यक्ष नाना. देखावा दरवर्षी एकच, 'पाणी वाचवा'. एक मोठा नळ, एक थेंब, आणि हात जोडून उभी असलेली बाई. त्या बाईची साडी विटली, पण नानांचा उत्साह नाय विटला. या वर्षी केतकी मीटिंगमध्ये उभी राहिली. नवी सून! म्हणाली, आपण अ‍ॅनिमेसारखा देखावा करू, गोष्ट मी लिहिते, पुतळे माझी मावशी देईल पेणहून.

नाना म्हणाले, "कर. पण लोक शेवटपर्यंत थांबले नायत, तर पुन्हा नळ. आणि मग मंडळात तू तोंड उघडायचं नाय."

पोरीने पैज घेतली. सासूबाईंनी तर भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलं, आमची सून लेखिका आहे. म्हणजे बघा, नव्या घरातली तिची सगळी पत त्या देखाव्यावर.

गोष्ट अशी. एक पोरगा. त्याचं गाव कोणीतरी जाळलंय. एक गुरू त्याला सांभाळतो, तलवार शिकवतो. गुरूचे डोळे कायम मिटलेले, ओठांवर हसू. शेवटी अंधार होतो, दिवा लागतो, आणि गुरू डोळे उघडतो. क्रूर डोळे! गाव त्यानेच जाळलेलं असतं. म्हणून गुरूचं धड एक आणि डोकी दोन. एक मिटल्या डोळ्यांचं, एक उघड्या. अंधारात निखिल डोकं बदलणार.

केतकीने हे सगळं मला फोनवर नीट समजावलं होतं. खोटं कशाला बोलू? पण कधी? चतुर्थी तोंडावर आलेली असताना! माझ्या तोंडात ब्रश, पुढ्यात गणपतींची रांग, डोक्यावर गिऱ्हाईकं. मी म्हणाले, "व्हय व्हय." त्या दिवसांत मला कोणी म्हटलं असतं, कारखाना लिहून दे, तरी मी व्हयच म्हणाले असते.

मग एकदाचे पुतळे हातात आले. धडं पुढे पाठवून दिली, राहिली तीन डोकी. पोरगा बघितला. गालावर वण, केस दाही दिशांना, झोपेतून उठून थेट मारामारीला गेलेला. म्हटलं, हाच गुंड! त्याला आखले राक्षसाचे डोळे, लालबुंद, तिरके.

गुरू बघितला. काय तो शांत चेहरा! आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन कमानी. अर्धवट! माझ्या कारखान्यात डोळे न आखलेलं डोकं! मग दुसरं डोकं दिसलं. म्हटलं, शहाणी आहे केतकी, रस्त्यात मोडतोड होते म्हणून एक जादा मागितलंय. दोन्ही डोक्यांना आखले माझे ठेवणीतले डोळे. लांबसडक, ओले, कनवाळू. बाप्पाचेच म्हणा ना!

आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मी रोह्याची गाडी पकडली. पडदा त्याच संध्याकाळी उघडायचा होता. मांडीवर पिशवी.

शेजारच्या बाईने विचारलं, "काय गो, जड हाय काय पिशवी? काय हाय आत?"

"डोकी."

ती पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेली.

त्यात गाडी लेट! रोह्याला उतरून रिक्षाने पोचते तर आळी माणसांनी भरलेली. निखिलने पिशवी हिसकावली, पडद्यामागे अंधारात डोकी बसवली. बघायला वेळ कोणाला होता? मी ऐटीत पहिल्या रांगेत, काशीबाईंच्या शेजारी. काशीबाई म्हणजे आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांनी मान हलवली तर देखावा चांगला, असा तिथला कायदा.

पडदा उघडला. स्पीकरवर केतकीचा आवाज, "गुरूंचे डोळे सदैव मिटलेले असत."

आणि गुरू टक्क बघतोय!

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, पोरीचं काहीतरी वाचायचं चुकलं. पुढे पोरगा आला, बिचारा अनाथ, म्हणून स्पीकरवर सनई रडतेय, आणि त्याचे डोळे बघून एक लहान मूल आईच्या पदरात शिरलं. शेवटी अंधार. खाटखूट. ढॅण्! दिवा लागला. गुरू गरजला, "होय! मीच जाळलं तुझं गाव! बघ माझ्या डोळ्यांत!"

सगळ्यांनी बघितलं. डोळ्यांत काय? नुसती माया!

"अगो बाय माझे!" काशीबाई उठल्याच. "साक्षात बघतोय गो!" आणि त्यांनी हात जोडले. त्यांचं बघून दुसरी रांग, मग तिसरी. एवढ्यात मोटर सुरू झाली आणि पोरग्याचा तलवारीचा हात वर गेला.

"ए! खाली कर ती तलवार!" मागून कोणीतरी ओरडलं. "देवमाणसावर हात उचलतोस?"

एक नारळ आला भिरभिरत. थोडक्यात वाचला हिरो. अर्धी माणसं हसत हसत घरी गेली, उरलेली पाया पडत होती. नाना माझ्या देखत कोणालातरी म्हणाले, "तो नळ धुऊन ठेव."

पडद्यामागे केतकी खुर्चीत बसून होती. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाली, "मावशी, काय केलंस गो हे?" मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की काय सांगू. पोर एवढं फोनवर समजावून सांगते आणि मी व्हय व्हय करते! मलाच रडू आलं.

सकाळी मी ब्रश घेऊन बसले. म्हटलं, आत्ता करते याला दुष्ट. भुवया चढवल्या. लाल रेघा ओढल्या. पण मुळात आखलेले डोळे बाप्पाचे, वरून काहीही करा, फिरून फिरून तसेच!

निखिल म्हणाला, "मावशी, आता बाप्पा रागावल्यासारखे दिसतायत."

तेवढ्यात काशीबाई आल्या, दूर्वा आणि जास्वंद घेऊन. खलनायकाच्या पायाशी वाहिल्या आणि म्हणाल्या, "रात्री रागावला नव्हता हा. तलवार उगारली ना त्या मेल्याने, म्हणून."

निखिलने केतकीकडे बघितलं. "बघ. लोकांनी माणूस ओळखलाय. आता तू काय वाट्टेल ते घडव, ते त्याला वाईट मानणार नायत. तुझी गोष्ट बदल."

"म्हणजे तू जिंकलास!"

"मी कुठे म्हणालो?"

केतकी फणकारून आत गेली. दुपारी बाहेर आली ती डोळे चमकवत. "गोष्ट बदलते. पण धक्का शेवटीच!"

आणि काय डोकं चालवलं पोरीने! गाव जाळलं कोणी? त्या पोरग्यानेच! रागाच्या भरात पेटवलं आणि विसरला. गुरूला सगळं ठाऊक. पोरगं आयुष्यभर जळत राहू नये म्हणून आळ स्वतःवर घेतो. मी गुरूच्या लाल रेघा पुसल्या, दोघांनी जेवणं सोडून नवीन रेकॉर्डिंग केलं.

त्या संध्याकाळी एक माणूस हलला नाय. शेवटी गुरू म्हणाला, "मीच जाळलं," तर अख्खी आळी ओरडली, "नाय नाय, खोटं बोलतोय!" मग दिवा पोरग्याच्या डोळ्यांवर पडला, आणि बायका हुंदके देऊन रडल्या. पुढे तर कोलाडहून माणसं आली बघायला. नाना म्हणाले, "सूनबाई, पुढच्या वर्षीही तूच." सासूबाई एवढ्या फुगल्या, की दारातून आत कशा गेल्या देव जाणे.

इथे थांबले असते तर? पण नाय ना! शेवटच्या दिवशी मंडळाने मला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ, हातात माईक! मला कुठला धीर! मी सुरू, "कथानक आणि पात्र यांचा तोल सांभाळावा लागतो. मी डोळे आखतानाच हा विचार केला होता." केतकी खालून बघतेय, पण माझा रथ चार बोटं वर. "पोरग्याच्या डोळ्यांत अपराध दिसला पाहिजे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

आणि दिवेवाल्याने कौतुकाने झोत टाकला माझ्या तोंडावर.

काशीबाई पहिल्या रांगेतून पुढे झुकल्या. एकदा माझ्याकडे, एकदा पुतळ्याकडे. आणि माईकची गरज नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "अगो, गाव जाळणाऱ्याचे डोळे हिचेच हायत की!"

खरंच होतं! राक्षसाचे डोळे आखताना आम्ही समोर आरसा धरतो आणि आपल्याच तोंडाकडे खाऊ का गिळू बघतो. त्यात माझं कित्येक दिवसांचं जागरण. एक रेघ चुकली नव्हती हो! अख्खी आळी पोट धरून हसली, नाना तर खुर्चीवरून घसरले.

अजून जाते मी अष्टमीला, भाची आहे ना. चहा करायला केतकी आत जाते. आणि मी ओट्यावर टेकले रे टेकले, की शेजारच्या काशीबाई उठतात, आपल्या देवापुढची काडेपेटी उचलतात आणि कनवटीला लावून परत येऊन बसतात.