काका, शब्द पाळलासा

आमची पेठ आणि पलीकडची पेठ यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे, पण फुटबॉलच्या हंगामात तो ओलांडताना माणूस आधी इकडंतिकडं बघतो. दोन्ही पेठांत तालीम, दोन्ही तालमींचा संघ आणि दोन्हींत बापजाद्यांपासूनची खुन्नस. माझा मित्र पलीकडचा. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो, पुढं शिरोलीत एकाच कारखान्यात लागलो आणि वर्षानुवर्षं एकाच मोटारसायकलवरून कामाला गेलो. ज्याचा संघ हरला त्यानं गाडी चालवायची, जिंकलेल्यानं मागं बसून बोलायचं, असा नियम होता.

पंचगंगेचा पूल येईपर्यंत त्यानं आमच्या गोलीचा पार उद्धार केलेला असायचा. "तुमचा गोली देवळात बसवा. हात जोडायला बरा हाय, बॉल धरायला न्हाय." मीही सोडायचो नाही. "तुमचा फॉरवर्ड गोलापुढं गेला की नव्या नवरीगत लाजतोय की रं!" सिग्नलला शेजारी थांबलेले लोक आमच्या तोंडाकडं बघायचे. त्यांना वाटायचं, हे दोघं आता गाडीवरून उतरून मारामारी करणार.

संध्याकाळी दुसरा नियम. दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात. हरलेल्यानं दूध पाजायचं. जिंकलेल्यानं पहिला घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "हरलेल्याचं दूध पातळच लागतंय!" म्हैसवाला रोज नव्यानं चिडायचा.

या सगळ्यात आमचे वडील आम्हा दोघांच्या वरचढ होते. आयुष्य फाउंड्रीत गेलेलं, आवाज तसाच भट्टीसमोरचा. संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचे. मित्र लांबून दिसला की सुरू व्हायचे, "आला बघा बिनकपाचा!" त्याच्या पेठेला बरीच वर्षं कप मिळाला नव्हता, आणि ते त्याला विसरू देणं वडिलांना पाप वाटायचं. म्हणायचे, "मी जित्ता हाय तवर तुमच्या पेठंत कप येत न्हाय. लिहून ठेव."

हा लगेच म्हणायचा, "मग जरा लवकर आवरा की काका! आमी किती दिवस थांबायचं?"

वडील खोकला येईपर्यंत हसायचे. आई चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "ह्या दोघांस्नी दुसरा कामधंदा न्हाय." आपल्या मरणावरचा विनोद वडिलांना सगळ्यात जास्त आवडायचा. तो विनोद फक्त त्यानंच करावा, असाही त्यांचा हट्ट होता. एकदा मीच करून बघितला तर म्हणाले, "तुला न्हाय जमत."

वडील थंडीत गेले. तिरडीला खांदा द्यायला माझ्या शेजारी तो होता. त्याच हंगामात त्याच्या पेठेनं आम्हाला अंतिम सामन्यात हरवलं आणि कप नेला.

आमच्याकडं हरलेल्या संघाला श्रद्धांजली वाहायची पद्धत आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर भलामोठा डिजिटल बोर्ड लागतो, त्यावर हार, पणती आणि हरलेल्या पेठेची टिंगल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेलो तर बोर्डावर माझे वडील होते. उंबऱ्यावर बसून तोंडभर हसणारे. तो फोटो त्यानंच मोबाईलवर काढला होता. वर लिहिलं होतं, "काका, शब्द पाळलासा!" आणि खाली, "तुमचा कायमचा वैरी."

मला आधी हसू आलं, मग रडू. वडील गेल्यापासून मी रडलो नव्हतो, ते तिथं रस्त्यावर दुधाची किटली हातात धरून रडलो. असा निरोप त्यांना घरच्या कुणी दिला नव्हता. त्याला फोन करून चांगल्या चार शिव्या घालाव्यात म्हणून मी खिशात हात घातला.

तेवढ्यात आमच्या पेठेतली पोरं आली. त्यातल्या निम्म्यांनी वडिलांना कधी रामराम घातला नव्हता. "मेलेल्या माणसाची चेष्टा करतात व्हय?" असं ओरडत त्यांनी बोर्ड खाली ओढला. मी थांबा म्हणत होतो, पण माझं कोण ऐकतंय? बोर्ड फाटला. फाटलेल्यावर ती पोरं नाचली. मग दगड आले, तिकडच्या एकाचं डोकं फुटलं, पोलीस आले. दिवसभर जो तो माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत होता, "तुझ्या बापाची अब्रू राखली बघ."

मिटवामिटवी आमच्या तालमीत झाली. दोन्हीकडचे जाणते लोक सतरंजीवर बसले. माझ्या मित्राला मधे उभं केलं. मी उठून म्हणालो, "ह्यानं काय वाईट केलेलं न्हाय." एका वडीलधाऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू दुःखात हाईस. तू बोलू नको."

त्यानं माझ्याकडं बघितलं, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माझं. माफ करा." ठरलं की आता बोर्ड नाहीत, नावं घेणं नाही, टोमणे नाहीत. सगळ्यांनी चहा घेतला. बोर्डाबद्दल मला त्याचा राग कधीच आला नाही. पण ती माफी मला आजही खुपते. त्या एका वाक्यानं आमची सगळी वर्षं अपमानाच्या खात्यात गेली, आणि ते त्यानं स्वतः केलं.

घरी आलो तर आई वाट बघत होती. तिनं विचारलं, "बोर्डावरच्या त्येंच्या तोंडावर पाय कुणी दिला?"

"आपल्याच पोरांनी."

"आन् माफी त्यानं मागितली व्हय?"

मी हो म्हणालो. ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या आठवड्यापासून तो कंपनीच्या बसनं जाऊ लागला. बस सोयीची पडते, म्हणाला. मी एकटाच गाडी चालवतो, संघ हरो की जिंको. कारखान्यात भेटला की तब्येत विचारतो, आईला नमस्कार सांग म्हणतो. आमच्या गावात माणूस एवढं गोड बोलायला लागला की समजायचं, संपलं.

यंदा त्यांनी आम्हाला पुन्हा हरवलं, तेही तीन गोलांनी. मी मुद्दाम कट्ट्यावर गेलो. तो होता. आमच्या गोलीनं त्या दिवशी असा काही खेळ केला होता की मुक्यालाही वाचा फुटावी. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि वाट बघितली.

"पोरं चांगली खेळली तुमची," तो म्हणाला. "नशीब न्हवतं."

मी खिशात हात घालायच्या आत त्यानं दोघांच्या दुधाचे पैसे देऊन टाकले. म्हैसवाल्यानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ग्लास हातात आले. त्यानं पहिला घोट घेतला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. म्हैसवालाही बघत होता.

"दूध चांगलं हाय," तो म्हणाला.