पाठीवरचा ठोका

मिस्त्रींचा वरचा शेवटचा दात पडला तो सोमवार होता. त्या दिवसापासून त्यांना इंजिन ऐकू येईनासे झाले.

हे चमत्कारिक वाटेल, म्हणून सावकाश सांगतो.

महाडला माझ्या बिऱ्हाडासमोर सर्व्हिस मोटारीची पत्र्याची शेड होती. गाडी एकच. सकाळी सातला सुटायची, पोलादपूरला थांबायची आणि पुढे घाट चढून महाबळेश्वर गाठायची. ती चालती ठेवणे हे मिस्त्रींचे काम. मी शाळेत शिकवत असे आणि उरलेला वेळ ओट्यावर वाचत बसत असे. त्यामुळे ते मला रोज दिसत. तुमच्याही समोर असा एखादा माणूस राहत असेल, ज्याची उठबस आपल्याला नकळत पाठ होते.

ड्रायव्हर तक्रार घेऊन आला की मिस्त्री त्याच्याकडे पाठ करून उभे राहत.

"बोलू नको. वाजव."

मग ड्रायव्हरने इंजिनाचा आवाज त्यांच्या पाठीवर वाजवून दाखवायचा. हलका असेल तर बोटाने, जड असेल तर मुठीने, आणि ज्या लयीत येत असेल त्या लयीत. एकदा ड्रायव्हरने जरा जोरात मूठ मारली.

"इंजिनाचा राग माझ्यावर काढू नको रे," मिस्त्री म्हणाले. "पुन्हा वाजव. सावकाश."

त्यानंतर ते गाडी सुरू करायला लावत, सागाची हातभर काठी घेत, तिचे एक टोक इंजिनाला टेकवत, दुसरे दातांत धरत आणि डोळे मिटून घेत. ही रीत ते आगबोटीवर शिकले होते. तरुणपणी इंजिनघरात भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला म्हणून त्यांनी बरीच वर्षे काढली होती. गावाला ते सारे विक्षिप्त वाटे, पण त्यांचे निदान चुकत नसे. शुक्रवारी दुपारी ते मशिदीतून परत येईपर्यंत कुणी बॉनेटला हात लावत नसे.

एकदा पोलादपूरहून आलेल्या ड्रायव्हरने सांगितले की प्रत्येक वळणावर काहीतरी दाणकन ठोकते. मिस्त्रींनी काठी लावली, डोळे उघडले आणि म्हणाले, "इंजिनात काय नाय. मागची माणसं उतरव." मागच्या बाकावर एक म्हातारी होती. लेकीकडे नवा पाटा-वरवंटा घेऊन निघालेली. पाटा गच्च बांधलेला होता, वरवंटा मात्र पायाशी मोकळा होता. वळणावर तो घरंगळत जाई आणि फळीवर आपटे.

"वरवंटा मांडीवर घे गो," मिस्त्री म्हणाले.

"मांडीवर नातू हाय. वरवंटा कुठं घेऊ? डोक्यावर?"

मिस्त्रींनी खांद्यावरचे फडके काढले, वरवंटा त्यात गुंडाळला आणि बाकाखाली नीट आडवा बसवला. म्हातारी बराच वेळ काहीबाही बोलत होती. ते नुसते हसून मान हलवत राहिले. मला वाटले, किती सोशीक माणूस आहे.

ते सोशीक होतेच. पण कारण वेगळे होते, आणि ते मला त्याच वर्षी कळले. शेडच्या छपराचा एक पत्रा सुटून मिस्त्रींच्या मागे दोन हातांवर पडला. मी ओट्यावरून उठलो. रस्त्यापलीकडची कुत्री पळाली. मिस्त्री हातातल्या प्लगवर फुंकर घालत होते, ती त्यांनी पुरी केली. मग त्यांची नजर माझ्या तोंडाकडे गेली, तिथून मागे पत्र्याकडे. ते रस्ता ओलांडून आले आणि माझ्या ओट्याच्या पायरीवर बसले.

"आगबोटीवर दोन्ही कान वाहायला लागले, मास्तर. मग बंदच झाले. माणसाचं ओठांवरून कळतं. इंजिनाचं दातांतून हाडात उतरतं, चांगलं उतरतं. कुणाला सांगू नका. बहिऱ्याला कोण इंजिन देईल?"

मी सांगितले नाही. पाठ फिरवून उभे राहण्याचे, स्वतःच पुष्कळ बोलण्याचे, हसून मान हलवण्याचे कारण मला कळले होते. मोटारीवर आल्यापासून त्यांनी हे निभावले होते.

त्यानंतर दात पडत गेले आणि तो सोमवार आला. त्यांनी काठी हिरड्यांत धरून पाहिली, हनुवटीला लावली, कपाळाला लावली. "येतो आवाज," ते म्हणाले. "पण गोधडीतून आल्यासारखा. जड की हलका, ते कळत नाय."

तेव्हा मी म्हणालो की माझे दात शाबूत आहेत.

ते तयार नव्हते. मीच आग्रह केला. हे मी इथे लिहून ठेवले पाहिजे. पुढचे काही महिने मी शाळेपूर्वी शेडमध्ये जात असे, काठी दातांत धरत असे आणि हाडात जे उतरेल ते मिस्त्रींच्या पाठीवर वाजवत असे. पुस्तकात मान घातलेल्या माणसाला आपण कुणाच्या उपयोगी पडतो आहोत असे वाटण्याचे प्रसंग थोडे येतात. मला ते दिवस आवडत होते.

"मास्तरांना इंजिन शिकायचंय," असे मिस्त्रींनी गाडीच्या मालकांना, शेठना, सांगून ठेवले होते.

शेठ हसले. "काय मास्तर, शाळा सोडता की काय? पोरं सुटतील बिचारी."

उन्हाळ्यात, लग्नसराईत, एका सकाळी गाडी भरलेली होती. चौदा माणसे होती, त्यांत एक नवरदेव मुंडावळ्या बांधून बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, "काल चढाला ठोकत होती." असा ठोका दोन तऱ्हांचा असतो, हे मला एव्हाना ठाऊक झाले होते. वरच्या झडपांचा असेल तर काही बिघडत नाही. आत खाली बेअरिंग झिजले असेल तर इंजिन चढावर फुटते आणि गाडी मागे येते. घाटात मागे काय आहे हे आपणा सर्वांना माहीत आहे. पारख करायची ती अशी, की एकेका प्लगची वीज तोडायची. ठोका दबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर झडप.

ठोका तसाच राहिला तर बोट, दबला तर मूठ, असे आमचे ठरले होते. मिस्त्री वीज तोडत गेले. मी काठी दातांत धरून त्यांच्या पाठीवर बोटाने वाजवत गेलो. पहिल्याला तसाच. दुसऱ्याला तसाच. तिसऱ्याला मी बोटाने वाजवले, आणि मग वाटले की ठोका दबला. पुन्हा ऐकले. दबला नव्हता. की दबला होता? माझा हात हवेत थांबला.

"वाजवा, मास्तर."

मला वाजवता येईना. ते वळले, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि तसेच शेठकडे गेले.

"गाडी जाणार नाय."

"का? काय झालंय?"

"ठाऊक नाय."

"ठाऊक नाही म्हणजे? मुहूर्त गाठायचाय त्यांना."

"मला ऐकू येत नाय, शेठ. तुमच्याकडं आलो तेव्हाच येत नव्हतं, आठ वरसं झाली. दातानं ऐकत होतो, ते दात गेले. मास्तर माझ्यासाठी ऐकत होते. आज त्यांना खात्री नाय."

मग नवरदेवाचा मामा गाडीतून उतरला. "म्हणजे एवढी वरसं आम्ही बहिऱ्याच्या भरवशावर घाट चढलो?"

मामा पाठमोरा होता. मिस्त्रींनी मला विचारले, "काय म्हणतो तो?"

"उशीर होतोय म्हणतो," मी म्हणालो.

"होणारच," मिस्त्री म्हणाले.

वऱ्हाड बैलगाड्यांनी गेले. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी मिस्त्रींना संध्याकाळपर्यंत शेडमध्ये बसू दिले आणि मग येऊ नका म्हणून सांगितले. आठवड्याने पुण्याहून फिटर आला. त्याने इंजिन उघडले. बेअरिंग चारही ठीक होती. आवाज झडपेचा होता. मी आधी बोटाने वाजवले होते, तेच बरोबर होते.

हे सांगायला मी तुडीलला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहत सगळे ऐकून घेतले.

"बोट मला कळलं होतं," ते म्हणाले.

"मग गाडी सोडायची होती."

"बोटानंतर तुमचा हात थांबला. मी गाडी त्यावर थांबवली, इंजिनावर नाय." मग म्हणाले, "तुम्ही रेटून वाजवलं असतं तर मी सोडली असती. तुम्ही रेटलं नाय. चहा घ्या."

मी चहा घेतला. त्यानंतर दोन वर्षे मी सुट्टीत जात राहिलो. ते सावित्रीच्या काठी बसलेले असत. नदीतून होडी गेली की दुसऱ्या काठाकडे बघत सांगत, होडी बरी, तिला आवाज नाय. गेल्या पावसाळ्यात ते वारले. मला चार दिवसांनी कळले.

पुण्याचा फिटर जाताना म्हणाला होता की हा आवाज असू द्या, त्याने काही होत नाही. शेठनी तो असू दिला. गाडी रोज सातला सुटते आणि घाट चढते. तो बारीक आवाज अजून तिच्यात आहे.